न बुडणारी होडी

बायकोच्या अस्थी समुद्रात सोडायला गुणवंतनं स्वतःच्या हातांनी हातभर लांबीची होडी बांधली होती. अमिरातीतल्या फुजैराच्या किनाऱ्यावर कंबरभर पाण्यात शिरून त्यानं ती सोडली, पण लाटांनी अस्थिकलशासकट ती परत त्याच्यापाशी आणून दिली. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. लेक आभा रडवेली झाली.

“बाबा, खाली एक होल पाड ना, प्लीज!”

“भोक पाडूनही बुडायची नाही ती. लाकडाच्या दोन थरांच्या मध्ये फोम घालून इपॉक्सीनं चिकटवलाय.”

“जन्मभर यार्डात बोटी बांधल्यास बाबा, आणि तुला एवढं कळू नये? विसर्जनाला कुणी न बुडणारी होडी करतं का?”

गुणवंतनं ओली होडी पोटाशी धरली.

“तुझ्या आईला पाण्याची फार भीती वाटायची गं.”