हा व्यवहार माझा नाही

रविवारी दुपारी कुणी कुणाच्या दारात पैसे मागायला जातं का? तेजल गेली. इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटची बेल तिने दाबली आणि दार उघडणाऱ्या माणसाला नमस्कार-चमत्कार न करता सरळ म्हणाली, "सर, तुम्ही बँकेत माझी तक्रार केलीत. मी कानाची मशीनं विकते."

अमोल अर्धवट झोपेत होता. तक्रार म्हटल्यावर खाडकन जागा झाला.

"अच्छा, तुम्हीच का त्या? माझ्या क्रेडिट कार्डावर अडतीस हजार लागले! दुकानाचं नावसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. बँकेला सांगितलं, हा व्यवहार माझा नाही, मला काही मिळालेलं नाही. घेतले पैसे परत. चुकलं माझं?"

"मशीन मी स्वतः इथे येऊन दिलंय, सर. तुमच्या मिसेसनी फोनवरून पैसे भरले होते."

"आमच्या सासूबाईंना ते शिबिरात फुकट मिळालंय! तुम्ही दिलं असेल तर पावती द्यायची ना बँकेला!"

बँकेने मागितली होतीच. कुरियरची पावती द्या, घेणाऱ्याची सही द्या. आता कानाच्या मापाचा साचा घेऊन बनवलेलं मशीन कुणी कुरियरने पाठवतं का? तेजलने ते स्वतःच्या हाताने म्हातारीच्या कानात बसवलं होतं, आवाज कमी-जास्त करून दिला होता, वर चहाही प्यायली होती. चहाची कुठे सही घेतात? बँकेने तिच्या खात्यातून रक्कम उचलली आणि मोकळी झाली. दुकानाचं भाडं त्यातूनच जायचं होतं.

अमोलची बायको उज्वला मागे येऊन उभी राहिली. तेजलला पाहिलं आणि तिचा रंगच उडाला. नवऱ्याच्या पाठीआडून ती नुसती मान हलवत राहिली. नको, नको.

"ओळखलंत ना ताई मला?" तेजलने विचारलं.

"नाही," उज्वला म्हणाली. खोटं बोलायलासुद्धा सराव लागतो. तिला तो नव्हता.

अमोलला मात्र तेवढं पुरलं. "ऐकलंत? अहो मॅडम, मी एकदा पोळलोय. गेल्या वर्षी एका साइटवरून लॅपटॉप मागवला, पैसे क्रिप्टोत भरले. स्वस्त पडतं म्हणे! लॅपटॉप नाही आला, साइट बंद. बोंबलायचं कुणाच्या नावाने? पोलीस मलाच विचारतात, दिले कुणाला ते तरी सांगा. एकदा गेलेलं कॉइन परत येत नाही. तेव्हापासून कानाला खडा. काहीही घ्यायचं ते कार्डावर. कार्डामागे बँक उभी असते."

"तुमच्या मागे उभी असते, सर. माझ्यामागे कोण आहे? तुम्ही मला कॉइन दिलं असतं तर आज माझे पैसे माझ्याकडे असते." तेजल एक पाऊल पुढे सरकली. "तुम्हाला त्या चोराचं दार सापडलं नाही. मला तुमचं सापडलं, म्हणून आले."

"म्हणजे मी चोर?"

आवाज चढला तशी आतून उज्वलाची आई बाहेर आली. कुसाबाई. निफाडहून लेकीकडे राहायला आली होती. तेजलला पाहून तिचं तोंड हे एवढं उघडलं.

"अगं बया! शिबिरातली पोर! उजू, दारात काय उभं केलंस तिला? ये ना आत. लय झ्याक चालतंय बघ मशीन. शेजारचं पोर पाढे म्हणतं ना, त्ये बी ऐकू येतंय!"

"शिबिरातली?" अमोलने बायकोकडे वळून पाहिलं. "उज्वला, तू तर म्हणालीस सरकारी शिबिरात फुकट मिळालं."

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. उज्वला म्हणाली, "तुम्ही आंघोळीला गेला होतात. ओटीपी मीच टाकला. बिल आल्यावर सांगणार होते, पण त्याआधीच तुम्ही बँकेला फोन लावून बसलात. मग धीर नाही झाला."

"आधी विचारायचं तरी मला!"

"विचारलं होतं." ती अगदी हळू बोलत होती, आईला कळू नये म्हणून. "तुम्ही म्हणालात, या वयात ऐकून करायचंय काय त्यांना."

हळू बोलून काय उपयोग? मशीन चांगलं होतं.

कुसाबाईचं हसू गेलं. तिने आधी लेकीकडे पाहिलं, मग जावयाकडे. "जावयाच्या पैशाचं हाय हे? मला म्हणलीस फुकटाचं हाय. ठाऊक असतं तर मी हात लावला असता व्हय?"

कुणी काही बोलायच्या आत तिने कानातून मशीन काढलं, पदराने पुसलं आणि तेजलच्या तळहातावर ठेवलं. "घे पोरी. तुझी वस्तू तुला. मिटलं."

"आजी, हे दुसऱ्या कुणाच्या कानात बसत नाही हो!" तेजलच्या डोळ्यांत पाणी आलं. पैसे मागायला आली होती, आणि आता हातातलं मशीन कुठे ठेवावं तेच तिला कळेना. कुसाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

अमोलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पुढे आला. "आई, घाला ते परत. मी उद्याच बँकेला सांगतो, यांचे पैसे यांना देतो. माझं चुकलं."

कुसाबाई त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"आई! माझं चुकलं!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. गळ्याच्या शिरा तटतटून फुगल्या, तोंड लालबुंद झालं.

म्हातारी दोन पावलं मागे सरकली. घाईघाईने डोक्यावर पदर घेतला.

"रागावू नका, जावईबापू," ती म्हणाली. "दिलं ना मी परत."