बाकावरचा गडी

“यंदा तरी खेळवलं का रे, का नुसतं पाणीच पाजलंस?” जत्रेतल्या कबड्डीच्या मैदानावर कुणीतरी ओरडलं आणि गर्दी हसली. संग्रामने वरसुद्धा पाहिलं नाही. मोठ्या लीगच्या संघात तो तीन हंगाम बाकावर बसून होता. हे हसणं आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

समोरून तुषार चढाईला आला. तालुक्यात तो कुणालाच सापडत नसे. त्याच जोरावर कारखान्यातली नोकरी सोडून तो लीगच्या निवड चाचणीला निघाला होता. वळण्याआधी त्याचा डावा खांदा किंचित खाली जातो, हे संग्रामला लगेच दिसलं. त्याने घोटा धरला. पुढच्या प्रत्येक चढाईलाही धरला.

सामना संपल्यावर तुषार अंगावरची माती न झटकताच त्याच्याजवळ येऊन बसला.

“दादा, एवढं धरता, तरी तुम्ही बाकावर कसे?”

“तिथल्या पोरांचा खांदा खाली जात नाही रे. मला सापडतच नाहीत ती.”

“मग त्यांना कोण धरतं?”

संग्राम गुडघ्यावरची पट्टी सोडू लागला.

“माझ्या जागी खेळतो तो.”