पालथं पान

सकाळी अकराला नानांनी चित्रकथेच्या नव्या अंकाची पानं अक्षरताईंच्या टेबलावर आणून ठेवली आणि ते आपल्या जागेवर परतले. वरचं पान पालथं होतं.

ताईंनी टाक खाली ठेवला. तीस वर्षं नाना चित्रं काढत आले होते आणि ताई त्या चित्रांतल्या फुग्यांमध्ये संवाद लिहीत आल्या होत्या. पानं देताना भांडण ठरलेलं. तुमची अक्षरं माझ्या आभाळावर चढतात, असं नाना म्हणत. वाटाण्याएवढ्या फुग्यात मी काय कप्पाळ लिहू, असं ताई म्हणत. आज भांडण नाही, आणि पान पालथं. पालथं पान म्हणजे गोष्टीत कोणीतरी मरणार, ही दोघांमधलीच खूण होती.

समोर अर्धवट मजकूर पडला होता. ‘अभेद्य सात’ या त्यांच्या सात वीरांच्या चित्रमालिकेला तीस वर्षं होत होती, आणि विशेषांकासाठी मालिकेचा इतिहास ताईंनीच हाताने लिहावा, असा मालकांचा हुकूम होता. सुरुवातीला ऑफिसातही माणसं सातच. नानांनी हौसेने एकेकाचा चेहरा एकेका वीराला देऊन टाकला. बासष्टाव्या अंकात ज्वालकेतू कोसळला, मालिका बंद पडली आणि चार महिन्यांनी पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू झाली. मग पोलादवीर गेला, पुन्हा अंक पहिला. मग जुळे भाऊ. मग वादळ्या. दर वेळी मेलेल्याच्या जागी नवा वीर येई, वाचक रडून पत्रं लिहीत आणि खप वाढे.

इतिहासात लिहायचं नव्हतं ते एवढंच, की ज्वालकेतूचा अंक बाजारात आला त्याच आठवड्यात मालकांनी, ज्यांचा चेहरा ज्वालकेतूला दिला होता त्या रंगकाम करणाऱ्या रंगारीबुवांना केबिनमध्ये बोलावून कायमचं घरी पाठवलं. ज्याला काढायचं त्याचा चेहरा आधी गोष्टीतून काढायचा, ही मालकांची पद्धत. अंक दोन महिने आधी तयार होई. तेवढे दोन महिने नानांना आणि ताईंना ठाऊक असे, त्या माणसाला नसे. बुवा रोज ताईंच्या शेजारी बसून डबा खात, मुलीच्या लग्नाचं बोलत. स्वतःच्या चेहऱ्याचा मृत्यू त्यांनीच मन लावून रंगवला होता. अशा पाच जणांसमोर ताईंनी तोंडाला कुलूप लावलं होतं.

त्यांनी नजर फिरवली. खिडकीजवळ रंगकाम करणारी नवी मुलगी गुणगुणत ब्रश धूत होती. गेल्या वर्षी नानांनी तिचा चेहरा एका नव्या वीरांगनेला दिला होता. हिचाच नंबर लागला, असं ताईंच्या मनात आलं आणि सवयीने त्यांनी ओठ मिटले. आपला नाही, या विचाराने जरा बरंही वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. मग त्यांनी पान उलटलं.

नादिनी होती. आवाजाने भिंती फोडणारी नादिनी, ढिगाऱ्यात कमरेपर्यंत गाडलेली, जिवणीजवळच्या तिळासकट. ताईंचा हात नकळत आपल्या तिळावर गेला.

मग त्यांच्या लक्षात आलं, की नादिनी पानाच्या खालच्या कोपऱ्यात आहे. वरचं पाऊण पान म्हणजे एकच कोरा फुगा होता. सोबतच्या कागदावर मालकांनी मंजूर केलेला संवाद होता, दोनच शब्दांचा: निरोप घेते.

“नाना, एवढी जागा?”

नानांनी मान वर केली नाही. ते पेन्सिलीला टोक काढत राहिले. टोक केव्हाच निघालं होतं.

“तुम्हाला नेहमी कमी पडायची ना, ताई.”

मुलगी ब्रश पुसत जवळ आली आणि या खेपेला कोण मरतंय म्हणून वाकून बघू लागली. ताईंनी पान झाकलं नाही. मालकांचा कागद त्यांनी चुरगाळून टोपलीत टाकला आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली. बुवांची खुर्ची होती ती.

“बस इथे. मी लिहीन तसं वाचत जा.”

त्यांनी टाक शाईत बुडवला आणि फुग्याच्या अगदी वरच्या ओळीत घरी पाठवलेल्यांतलं पहिलं, रंगारीबुवांचं नाव लिहिलं.