यासेनचा थांबा

"यासेन?" वुकोतानं नकाशावरून मान वर केली. "आई, यासेनला तळं नाही, ओढा नाही, बघायला काही म्हणजे काही नाही."

"गोस्पावा आहे," आई म्हणाली.

निकशिच शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या स्वयंपाकघरात चौघं टेबलाभोवती बसली होती: वुकोता, त्याची बायको रांका, चौदा वर्षांची दुन्या आणि वुकोताची आई स्तानोयका. जूनमध्ये आठ दिवसांसाठी मोटरहोम, म्हणजे आतच राहण्या-निजण्याची सोय असलेली गाडी, भाड्यानं ठरली होती. दोन रात्री पिवाच्या तळ्यावर, मग डोंगर ओलांडून झाब्ल्याकला, तिथं काळ्या तळ्याकाठी तीन रात्री, मग बिओग्राद, मग प्लाव. नकाशा असा तळ्यातळ्यांनी भरला होता, आणि स्तानोयकाचं बोट होतं ते पिवा आणि झाब्ल्याकच्या मधे, कोऱ्या जागेवर.

"आजी, इथं तर नावसुद्धा छापलेलं नाही," दुन्या म्हणाली.

"छापणाऱ्याला ठाऊक नसेल. मला ठाऊक आहे."

वुकोताला पुढचं पाठ होतं. त्यानं दुन्याकडे बघून डोळा मिचकावला. "फेब्रुवारी महिना, बस बर्फात अडकलेली, आजीचे दिवस भरलेले. आणि गोस्पावाच्या खाटेवर कोण जन्मलं? अस्मादिक."

"हस, हस. एकच खाट होती त्या घरात. ती आणि तिचा नवरा अकरा रात्री गोठ्यात गाईंपाशी निजली. बाहेर खिडकीपर्यंत बर्फ."

"मी नाही म्हणतोय का आई?" वुकोताचा आवाज मऊ झाला. "पण ही गाडी सात मीटर लांब आहे. ती वाट म्हणजे…"

"लाकडांचा ट्रक जातो तिथं. तुझी गाडी काय त्याहून मोठी आहे?"

रांका हसली. "अहो आई, ट्रकवाल्याला विचारून ठेवलंत वाटतं!"

"मग? म्हणाला, शाळेपुढं वळवायला जागा आहे. शाळा बंद पडून किती वर्षं झाली."

"बरं, गेलो आपण," वुकोता म्हणाला. "पुढं काय होणार ते मी सांगतो. गोस्पावाआजी शेजाऱ्याकडून कोकरू आणून कापायला लावणार. घरातल्या खाटा आपल्याला देणार आणि स्वतः बाकावर निजणार. आपण पाच बिछान्यांची गाडी भाड्यानं घ्यायची, ती दारात उभी करायची, आणि निजायचं दुसऱ्याच्या घरात! त्यापेक्षा सप्टेंबरात तुला मोटारीनं नेऊन आणतो ना. एका दिवसाचं काम."

"सप्टेंबरात," आई म्हणाली. "ती एक्याण्णव वर्षांची आहे, वुकोता."

रांकानं सगळ्यांना कॉफी ओतली.

"दोनदा गेले मी," स्तानोयका म्हणाली. "एकदा तू शाळेत जायला लागलास तेव्हा, आणि मग तुझे बाबा गेले त्या वर्षी. दोन्ही खेपेला कापड नेलं, कॉफी नेली, साखर नेली. दोन्ही खेपेला तिनंच जेवू घातलं आणि निघताना पाच किलो चीज बांधून दिलं. आभार मानायला जायचं आणि आणखी घेऊन यायचं. तिला म्हटलं, तू ये की माझ्याकडे. दरवर्षी फोनवर म्हणते. आधी तिच्या गाई होत्या. आता गुडघे आहेत."

"मग या खेपेला वेगळं काय होणार?"

"मी कुठं म्हटलं, तिच्या घरात जायचं म्हणून?"

वुकोता बघत राहिला. लहान मुलाला समजावतात तशी ती त्याला समजावू लागली.

"तुझ्या त्या गाडीत शेगडी आहे. टेबल आहे. बाकं आहेत. म्हणजे ते घरच झालं ना? ते तिच्या अंगणात नेऊन उभं करायचं. म्हणायचं, गोस्पावा, तू माझ्या घरी येत नाहीस, म्हणून मी घर घेऊन आले. आता आत ये, बस, आणि आज मी वाढते ते निमूट खा."

दुन्यानं रांकाकडे पाहिलं, रांकानं वुकोताकडे. वुकोतानं पेन उचललं आणि काळ्या तळ्यासमोरचा तीनचा आकडा खोडून दोन केला.

"एक करा," रांका म्हणाली. "ते तळं काही कुठं उठून चाललं नाहीये."

"नको गं, यासेनला एक रात्र पुष्कळ झाली. तुम्ही मला बरोबर नेताय, हेच माझ्यासाठी खूप आहे." बोलता बोलता स्तानोयका थांबली. तिच्या कपाळाला आठी पडली. "पण त्या गाडीत चढायला पायरी केवढी असते रे?"

ते वुकोताला माहीत नव्हतं. रांकाला नव्हतं, दुन्याला फोनवर शोधूनही सापडेना. शेवटी वुकोतानं गाडीच्या मालकालाच फोन लावला. मालक म्हणाला, लोक फ्रीजचं विचारतात, संडासाचं विचारतात, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो टेप घेऊन अंगणात जाईपर्यंत वुकोता कानाला फोन लावून थांबला.

मग त्यानं फोन ठेवला, खाली वाकला आणि फरशीपासून वर आपला तळहात आडवा धरला. "एवढी."

स्तानोयका उठली. टेबलाची कड धरून तिनं उजवा पाय उचलला आणि त्याच्या हाताला न लावता अलगद त्यावर धरला. खाली टेकला. मग डावा उचलला. त्याला जरा वेळ लागला.

"चढेल गोस्पावा," ती म्हणाली. "हात द्यायला मी दारात उभी असेनच."