उलट्या हाताची गिटार

दुकानात शिरल्यापासून त्याने डावा हात खिशातून बाहेर काढला नव्हता. बायको दाराजवळच्या स्टुलावर टेकली होती. आत यायची तिची इच्छा नव्हती, पण त्याला एकट्यालाही सोडवत नव्हतं.

विक्रेती पंचविशीची, बोलकी. कशी गिटार हवी, असं तिने विचारलं. तो म्हणाला, फार महागाची नको, पण एकीतच सगळं भागलं पाहिजे. पार्टीत लोक आधी जुनी, संथ गाणी मागतात आणि अर्ध्या तासाने त्याच लोकांना धांगडधिंगा हवा असतो. दर वेळी गिटार कोण बदलत बसणार?

तिने भिंतीवरून एक काळी इलेक्ट्रिक गिटार उतरवली. किंमत बेताची, पण सुधारणा सगळ्या नव्या, असं सांगत ती एकेक दाखवू लागली. खुंट्यांमध्ये तार घट्ट अडकते, त्यामुळे सूर उतरत नाही. मानेचं लाकूड भाजून घेतलेलं, दमट हवेत वाकत नाही. हे बटण वर ओढलं की जाड आवाज बारीक होतो. मानेवर घरं पाडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, स्टीलचे, वीस वर्षं झिजायचे नाहीत.

“बारीक केल्यावर गुणगुण येते का?” त्याने विचारलं.

ती थांबली. असं विचारणारं गिऱ्हाईक रोज येत नसे. तिने गिटार त्याच्यापुढे धरली. “वाजवून बघा ना, सर.”

“तुम्ही वाजवा. मी ऐकतो.”

ती वाजवू लागली. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. मधूनच सांगायचा, बाराव्या घरावर जा, आता बटण ओढा, जरा हलक्या हाताने. त्याच्या सांगण्यावरून वाजवताना तिचा हात रोजच्यापेक्षा बरा चालला, आणि ते तिलाही जाणवलं. आणखी दोन गिटारी तिने वाजवल्या. एकीचा सूर वरच्या घरांत भरकटत होता. दुसरीचा आवाज त्याला खोक्यात कोंडल्यासारखा वाटला. शेवटी तो काळ्या गिटारवरच आला.

“हीच चांगली आहे,” तो म्हणाला. “डावखुऱ्यांसाठी मिळेल?”

“अहो सर, डावखुरे आहात तर आधी सांगायचं ना,” ती हसून म्हणाली.

तेव्हा त्याने हात खिशातून काढून काउंटरवर ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट शाबूत होतं. मधलं अर्धं. त्यापुढे काही नव्हतं. छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनने आठ महिन्यांपूर्वी ती बोटं नेली होती. दिवसा तो तिथे काम करायचा आणि बावीस वर्षं संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याची गिटार आता त्याच्या जागी आलेल्या वादकाकडे होती. ती त्याने स्वतःच नेऊन दिली होती.

“तारा दाबायचा हात हा होता,” तो म्हणाला. “आता हा नुसतं तारा छेडायचं पिक धरेल. दाबायचं काम दुसऱ्याला शिकवतो.”

विक्रेतीने काळी गिटार परत भिंतीला लावली. आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ खोकी सरकवत राहिली. त्याच बनावटीची डावखुरी गिटार एकच निघाली, फिकट हिरवी. रंगामुळे ती दोन वर्षं कुणी घेतली नव्हती.

तो खुर्चीवर बसला. गिटार मांडीवर उलटी आल्यासारखी वाटत होती. त्याने सगळ्यात सोपी कॉर्ड धरायला घेतली. उजव्या हाताची बोटं तारांवर जाईनात. मग त्याने डाव्या हाताच्या चिमटीत एकेक बोट धरलं आणि आपापल्या जागी नेऊन बसवलं, लहान मुलाच्या शर्टाची बटणं लावावीत तसं. छेडल्यावर दोन तारा वाजल्या. बाकीच्या ठक्क झाल्या.

त्याने गिटार जोडलेल्या अँपचा आवाज कमी केला आणि पुन्हा छेडलं. बायको बाहेरच्या रहदारीकडे बघू लागली.

“फ्रेट किती वर्षं टिकतात म्हणालात?” त्याने विचारलं.

“वीस, सर.”

“वीस लागतीलच,” तो म्हणाला, आणि गिटार घेतली.

तिने ती काळ्या पिशवीत घातली, जादा तारा टाकल्या, वॉरंटीचा कागद भरला. पहिली गिटार घेणाऱ्याला दुकानातर्फे एक पातळ पुस्तक मिळायचं, नवशिक्यांसाठी. सवयीने तिने ते उचललं, त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच परत खणात सरकवलं.

“ते पण द्या,” तो म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याने दुकानाच्या काचेसमोरच पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर हाताचा फोटो होता, कुठलं बोट कुठल्या तारेवर ते दाखवणारा. पण तो हात डावा होता. त्याने पान उलटं धरलं, तिरकं धरून पाहिलं. जमेना.

बायको त्याच्या शेजारी आली. तिने पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, काचेकडे वळवून छातीशी धरलं आणि ती तशीच उभी राहिली. काचेत तो हात उजवा दिसत होता.

“जरा वर धर,” तो म्हणाला.

तिने पुस्तक वर, तोंडासमोर धरलं. तो काचेत बघत हवेत बोटं लावू लागला, एकेक करून. काचेतल्या त्या पानामागे तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.