छोट्याएवढं वजन

जिममध्ये शिंपी वजनाच्या बारपुढे वाकला आणि कळ निघाली. उजव्या ढुंगणातून उठली ती मांडीच्या मागून, पोटरीवरून उतरत थेट करंगळीत जाऊन बसली. त्यानं बार सोडला नाही. दातओठ खात तो उचलायलाच लागला.

"ठेवा खाली, मास्टर," कोच ओरडला. "आधी ठेवा, मग बोलू."

शिंप्यानं आधी उचललं, मगच ठेवलं. तेवढा हट्ट त्याच्यात होता. मग भिंत धरून उभा राहिला, सगळा भार डाव्या पायावर, उजवा नुसता टेकवलेला. घामानं डबडबला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

कोच तसा तोंडाळ. येईल त्याची खेचल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. पन्नाशी उलटलेला हा माणूस जिममध्ये पहिल्यांदा आला तेव्हा, "मास्टर, या वयात दंड कुणाला दाखवायचेत?" असं कोचनं त्यालाही विचारून घेतलं होतं. उत्तर ऐकल्यावर पुन्हा खेचली नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सायटिका. नस दबलीय. फार वेळ बसायचं नाही, वजन उचलायचं नाही."

"मग?"

"मग काय! बसल्याशिवाय शिवणार कसा, आणि उचलल्याशिवाय घर कसं चालणार?"

कोच खाली बसला आणि बारवरच्या प्लेट्स काढायला लागला. "निम्म्यावर येऊ. नस मोकळी होईपर्यंत."

"निम्म्यावर येऊन काय करू?" शिंपी म्हणाला. "छोट्या निम्मा होणार आहे का?"

छोट्या म्हणजे त्याचा मुलगा. एकोणीस वर्षांचा, जन्मापासून पायांनी अधू, अक्कल चार वर्षांच्या पोराची. अंगानं मात्र बापाच्या दीडपट. त्याला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत आणि न्हाणीतून परत खुर्चीत न्यायचं काम बापाचं. छोट्याचं वजन वाढलं की शिंपी इथं तेवढी प्लेट चढवायचा. इथं जमलं की घरी जमणार, असा त्याचा सरळ हिशेब. परवाच त्यानं छोट्याच्या पायजम्याची कंबर दोन बोटं सैल केली होती आणि संध्याकाळी येऊन बारला एक प्लेट वाढवली होती.

"माणूस ठेवा ना मदतीला."

"ठेवला होता. परक्याचा हात लागला की चावतो."

"आणि ती अशा मुलांची संस्था?"

"आठवडाभर ठेवून पाहिला. परत आणला तर आईलासुद्धा ओळख देईना." शिंप्यानं कपाळ पुसलं. "तिथं आता नाही पाठवणार. मी उभा आहे तोवर तरी नाही."

कोचनं शेवटची प्लेट काढून जागेवर ठेवली. "मास्टर, बार गप्प पडून राहतो. माणूस हलतो. कमरेनं उचलू नका, पायांनी उचला, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं?"

"पायच तर राहिला नाही," शिंपी म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

घरी बायको टॉवेल घेऊन तयारच होती. जिमला जाताना शिंप्यानं न्हाणीत बसवलेल्या छोट्याची आंघोळ उरकली होती. शिंप्यानं शिकल्याप्रमाणे पाठ ताठ केली, पोट आवळलं, मुलाला छातीशी घेतलं आणि उठला. बायकोनं पाय धरले. ओलं अंग, साबणाचा वास, कानाशी छोट्याचा गरम श्वास. वळताना कळ आली आणि उजवा पाय नाहीसाच झाला. शिंपी गुडघ्यावर कोसळला, पण मिठी सोडली नाही. बायकोनं पायानं खुर्ची ओढली, दोघांनी कसंबसं छोट्याला तिच्यात ढकललं.

छोट्याला वाटलं खेळ चाललाय. तो खदखदून हसला, टाळ्या पिटल्या.

शिंपी जमिनीवरच बसून होता. बायको त्याच्या पायाकडे बघत होती.

"पाऊल वर करा बघू."

त्यानं जोर लावला. पाऊल जागचं हललं नाही. दुखण्याची त्याला सवय झाली होती, पण आता तिथं दुखतही नव्हतं. संस्थेचं ते फाटक आणि त्यामागचा लांबलचक बोळ त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"होईल सकाळपर्यंत," तो म्हणाला.

बायकोनं त्याला उठवून दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि जेवायला वाढलं.

जेवण हेच छोट्याचं सुख. घास घेताना तो डोळे मिटायचा, मान डोलवायचा, मधेच आईकडे बघून हसायचा. त्यानं ताटली पुसून चकचकीत केली आणि पुढे सरकवली.

"अजून."

रोज त्यानं मागायच्या आत ती वाढायची. आज तिनं पातेल्याचं झाकण उचललं, मग नवऱ्याच्या लोंबत्या पायाकडे पाहिलं, आणि झाकण परत ठेवलं.

"संपलं."

शिंप्याच्या जागेवरून पातेलं दिसत होतं. अर्धं भरलेलं होतं.

छोट्याला ते पटलं नाही. त्यानं बापाकडे पाहिलं. "बाबा?"

बायको मान खाली घालून झाकणावर हात दाबून बसली होती. शिंप्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"संपलं रे राजा."

बाबा म्हणाले म्हणजे संपलंच. छोट्यानं शहाण्यासारखी मान हलवली आणि पुसून घ्यायला तोंड पुढे केलं.