प्रश्न अकरावा

मोजणी खात्यातून निवृत्त झालेले सबनीसकाका प्रत्येक चौकोनात नेमकी मधोमध खूण करत होते. समोर शर्वरी गप्प बसली होती. एकटेपणावरच्या तिच्या संशोधनात तीच प्रश्नावली त्याच माणसाकडून पंधरा दिवसांनी पुन्हा भरून घ्यायची होती. दोन्ही वेळची उत्तरं जुळली, तर प्रश्नावली भरवशाची. तोवर आपण काही सुचवायचं नाही, हा नियम.

काकांनी कागद परत दिला आणि अकराव्या प्रश्नाशी ती थबकली. ‘गेल्या पंधरा दिवसांत घरी येऊन कुणी तुमच्याशी निवांत बोललं का?’ मागच्या वेळी ‘नाही’ होतं. आज ‘हो’.

“मुलगा येऊन गेला वाटतं, काका?” तिला राहवलं नाही.

“छे, तो कुठला येतोय! तुम्हीच की, मॅडम. तीन तारखेला आलात, चांगला सव्वा तास बसलात. आलेल्या माणसाला आला नाही म्हणून कसं लिहू?”

शर्वरी जरा अवघडली. “काका, आमचं येणं त्यात धरायचं नसतं.”

“असं होय? मग चुकलंच माझं.”

काकांनी कागद मागून घेतला. टेबलावरची पट्टी ठेवून ‘हो’वर सरळ रेघ मारली, ‘नाही’च्या चौकोनात मधोमध खूण केली आणि ऑफिसात करायचे तशी खाडाखोडीशेजारी बारीक सही करून खाली तारीख घातली.

शर्वरीने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले. आता उत्तरं तंतोतंत जुळत होती.